विपट मॅडमच्या बंद भट्ट्या

विपट मॅडम गेल्या तेव्हा कॉलेजात शोकसभा झाली. नव्या, एसी लावलेल्या हॉलात. फोटोला हार, खाली उदबत्ती, आणि माइकवर आमचे विभागप्रमुख दुबे सर. ते म्हणाले, "मैडम ममता की मूर्ति थीं. सरसों के लुप्त जीन खोजकर उन्होंने उज्जैन का नाम रोशन किया." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायची पद्धत आमच्या कॉलेजात कधी सुरू झाली ते मला माहीत नाही.

मी मागच्या रांगेत बसले होते. दोन वाक्यं आणि दोन्ही खोटी. ममतेची मूर्ती वगैरे मॅडम कधीच नव्हत्या. कुणाच्या डोक्यावरून हात फिरवताना मी त्यांना पाहिलेलं नाही. आणि लुप्त जीन त्यांनी शोधले नव्हते. ते लुप्त झालेत असं आपण लिहिलं ते चूक, हे चारचौघांत सांगायला त्या उभ्या राहिल्या होत्या, आणि सांगू नका म्हणून त्यांच्या मागे लागले होते ते हेच दुबे सर. मेलेल्या बाईच्या फोटोसमोर तीच चूक पुन्हा तिच्या नावावर चिकटवायची, वर टाळ्या घ्यायच्या. मला आंदोलनाचे पर्चे, म्हणजे पत्रकं, लिहायची सवय आहे, माणसांवर लिहायची नाही. तरी हे लिहिते आहे, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

मॅडम आम्हाला बॉटनी शिकवायच्या. घर नानाखेड्याच्या कॉलनीत, मिस्टर बँकेत, मूलबाळ नाही. घराणं फार पूर्वी, दरबारी दप्तरात कारकुनी करायला म्हणून इकडे आलेलं. त्यामुळे मराठी आम्हा उज्जैनवाल्यांची असते तशी. क्रियापद मराठी, बाकी जे हाताला लागेल ते. घरात फोडणीला घालायच्या ती मोहरी, कॉलेजात मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या ती राई. दोन्ही एकाच डब्यातली असायची.

मोड आणायचा डबा वेगळा, आणि तो सगळ्या फ्रीगंज भागाला माहीत होता. स्टीलचा, गोल, आत ओला टीपकागद आणि त्यावर मोड आलेली मोहरी. मोडाच्या टोकाला पेशी विभागत असतात आणि विभागत असतानाच गुणसूत्रं दिसतात. हे टोक सकाळी वेळेवर कापलं नाही तर दिवस फुकट. म्हणून मॅडम डबा मांडीवर घेऊन सकाळच्या टेंपोत बसायच्या, दर्शनाला निघालेल्या यात्रेकरूंच्या गर्दीत. एकदा मीही त्याच टेंपोत होते. समोरच्या आजोबांनी डब्याकडे बघून हात जोडले.

"माताजी, परसाद है क्या?"

"नहीं बाबा, राई है."

आजोबा गंभीर झाले. "किसकी नजर उतारनी है?"

"राई की ही," मॅडम म्हणाल्या. "दिन भर घूरते हैं हम लोग इसको."

आजोबांना ते पटलं असावं. उतरताना त्यांनी डब्याला नमस्कार केला.

त्यांच्या बोटांची टोकं कायम काळी असायची. सिल्व्हर नायट्रेटमुळे. कितीही घासलं तरी निघायचं नाही. हळदीकुंकवाला कॉलनीतल्या बायका विचारायच्या, "विपटवहिनी, भांड्यांना बाई ठेवत का नाही?" मॅडम म्हणायच्या, "ठेवलीय की. ही चांदीची काजळी आहे." मग बायकांना वाटायचं ह्यांच्याकडे चांदीची भांडी फार.

वर्गात मात्र बाई कडक होत्या. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळाची स्लाइड होती. माझ्या स्लाइडमध्ये काही दिसेना. मी गाइडमधून सुरेख चित्र उतरवलं, नावं लिहिली, रेघा मारल्या. मॅडम आल्या. चित्राकडे बघितलंच नाही, डोळा मायक्रोस्कोपला लावला.

"हा हवेचा बुडबुडा आहे."

"हो मॅडम."

"मग बुडबुडा काढ."

"बुडबुडा?"

"तुला दिसतोय ना? गाइडवाल्याला जे दिसलं ते त्याने काढलं. तू तुझं काढ."

मी रागारागाने एक गोल काढला आणि खाली लिहिलं, हवेचा बुडबुडा. त्याला त्यांनी चांगले मार्क दिले. गाइडमधून काढलेल्या बाकी सगळ्या वर्गाला शून्य. वर्ग आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हता, जणू काही मीच चुगली केली.

आता त्या काय शोधत होत्या ते सांगते. मला जसं समजलं तसं सांगते, विज्ञानवाल्यांनी सांभाळून घ्यावं. कोबी, फ्लॉवर, मुळा, सलगम, मोहरी हे सगळे एका खानदानातले. यातली आपली राई म्हणजे दोन झाडांचा जुना संसार. एक काळी मोहरी, दुसरी सरसों, सलगमची सख्खी बहीण. दोघींची गुणसूत्रं राईच्या पेशीत शेजारीशेजारी नांदतात. आता प्रत्येक पेशीला प्रथिनं बनवायला रायबोसोम नावाची यंत्रं लागतात, आणि ती यंत्रं बांधायचा डीएनए गुणसूत्रांवर वाटेल तिथे नसतो. ठराविक गुणसूत्रांवर, ठराविक जागी, एकाला लागून एक अशा शेकडो प्रती. कोणकोणत्या गुणसूत्रांवर या जागा आहेत ते शोधायचं, हे मॅडमचं आयुष्यभराचं काम. चांदी लावली की पिवळट गुणसूत्रांवर तेवढ्याच जागी काळे ठिपके उमटायचे.

मॅडम हे हलवायांच्या भट्ट्यांवरून समजावायच्या. "समज, शहरात हलवायांच्या भट्ट्या कुठे आहेत ते तुला शोधायचंय. तू गच्चीवर जाऊन धूर बघतेस. जिथे धूर तिथे भट्टी. चांदी म्हणजे हा धूर बघणं आहे. जी जागा काम करते तीच काळी होते."

त्यात एक अडचण होती. काळी मोहरी वेगळी तपासली तर तिच्या जागा दिसायच्या. सरसों वेगळी तपासली तर तिच्याही दिसायच्या. पण दोघींच्या संसारातून झालेल्या राईत फक्त काळ्या मोहरीच्या जागा काळ्या व्हायच्या, सरसोंकडून आलेल्या गुणसूत्रांवर ठिपका नाही. मॅडमनी तरुणपणी यावर पेपर लिहिला होता, की दोन झाडं एकत्र आली तेव्हा सरसोंच्या जागा नष्ट झाल्या. धूर नाही म्हणून भट्टीच पाडली असं त्यांनी लिहून टाकलं. बुडबुड्याला मार्क देणाऱ्या बाईने. त्या क्षेत्रात तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलणारे लोक होते, मॅडमनी एक बाजू धरली, आणि पुढे वीस वर्गांना तीच शिकवली.

रेखा मालवीय ही त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. तराण्याकडच्या गावातली, बाप प्राथमिक शाळेत मास्तर, घरात कॉलेज बघितलेली पहिली. मी तेव्हा एम.ए.ला गेले होते, पण विभागात माझं येणंजाणं होतं, कारण लढाई तिथेच चालू होती. ते दिवस असे होते की फ्रीगंजमध्ये दर आठवड्याला नवीन कॉम्प्युटर क्लासची पाटी लागायची आणि कॉलेजात दर महिन्याला स्वयंवित्त कोर्सची. पैसे भरा, शिका. दुबे सरांना बायोटेक्नॉलॉजीचा कोर्स काढायचा होता आणि त्यासाठी मॅडमची प्रयोगशाळा हवी होती. त्याविरुद्ध आम्ही विद्यार्थ्यांनी पर्चा काढायचं ठरवलं. त्यात मी ओळ लिहिली होती, जिस कमरे में लुप्त जीन खोजे गए, उस कमरे को मत बेचो. गंमत अशी की दुबे सरांच्या कोर्सच्या माहितीपत्रकातही हेच लुप्त जीन होते. दोन्हीकडच्यांना ते हवे होते.

रेखाचा प्रबंध तेव्हा जमा झालेला, वाइवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, तारीख लागलेली. कितीतरी वर्षांनी सरकारी कॉलेजांत लेक्चररच्या जागा निघाल्या होत्या आणि मुलाखतीला डिग्री हातात लागत होती. तिचं लग्न बापाने एवढ्यासाठीच थांबवलं होतं. जागा मिळाली तर नोकरी, नाही तर देवासचं स्थळ. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मॅडमच्या त्या जुन्या पेपरवर उभं होतं.

आणि मॅडम दक्षिणेत एका परिषदेला गेल्या. परत आल्या त्या स्टेशनवरून थेट विभागात. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात थर्मास. शिपायाने कौतुकाने कप आणून थर्मास उघडायला घेतला तशा त्या ओरडल्या, "चाय नहीं है उसमें, रख नीचे." मग खुर्चीत बसल्या. मी आणि रेखा तिथेच होतो.

"रेखा, भट्टियाँ हैं."

"कौन सी, मैडम?"

"सरसों वाली. सब की सब, अपनी जगह पर. पर्दे पर देखकर आई हूँ. चमक रही थीं."

तिकडे एका मोठ्या प्रयोगशाळेतल्या मुलीने नवीन पद्धतीने चित्रं काढली होती. त्या पद्धतीत धूर बघत नाहीत, थेट भट्टीलाच चमकणारा रंग लावतात, पेटलेली असो की नसो. सरसोंकडच्या जागा राईत शाबूत होत्या. फक्त बंद होत्या. संसारात एकीने दुसरीचं तोंड बंद करून ठेवलेलं.

रेखाला समजायला वेळ लागला नाही. "मतलब मेरा आखिरी चैप्टर गया."

"मेरा पेपर गया. तेरा चैप्टर उसके साथ गया."

"परीक्षक को मालूम होगा?"

"नहीं. पुराने आदमी हैं."

"तो फिर पूछेंगे भी नहीं."

"नहीं पूछेंगे."

"फिर?"

मॅडम काळी नखं खरवडत बसल्या. "फिर भी बोलना पड़ेगा, बेटा."

रेखा उठून उभी राहिली. ही मुलगी मॅडमसमोर कधी आवाज चढवून बोलली नव्हती. त्या दिवशीही चढवला नाही. "आपका तो पेपर छप गया मैडम, नौकरी हो गई, सब हो गया. मेरा तो अभी शुरू भी नहीं हुआ." आणि निघून गेली.

दुपारपर्यंत दुबे सरांना बातमी लागली. ते स्वतः चालत आले. "मैडम, विज्ञान में तो रोज कुछ न कुछ बदलता है. आप छह महीने बाद बदल लीजिए ना." असं ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि पुन्हा पेपर तपासायला घेतले.

मग माझी पाळी. "तुझ्या पर्च्यातली ती ओळ काढ."

"मॅडम, छापायला गेलाय."

"मग जाऊन थांबव."

"त्या ओळीवर तर सगळा पर्चा उभाय. ती काढली तर उरलं काय? खोली वाचवा, कारण खोली आहे?"

"तेवढं खरं आहे ना? तेवढंच लिही."

मी प्रेसमध्ये जाऊन ओळ काढली. पर्चा मिळमिळीत निघाला. मला तेव्हाही वाटलं आणि आताही वाटतं की लोकांना हलवायचं असेल तर ओळीला धार पाहिजे. पण ती ओळ मी काढली, कारण ज्या बाईसाठी लढायचं तिनेच हात धरला तर काय करणार.

मी चिडून त्यांना विचारलं होतं, "तुम्ही रेखाला जबरदस्ती करताय, हे कळतं का तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "तिचा वाइवा आहे, तिने ठरवायचं. मी तिला तसं कळवलंय. पण मी तिथे बसणार, आणि मला कुणी विचारलं तर मी खोटं नाही बोलणार, हेही कळवलंय."

"मग ही जबरदस्ती नाही तर काय आहे?"

"आहे," मॅडम म्हणाल्या. "थोडी आहे."

त्या थर्मासमध्ये बर्फ होता आणि बर्फात एक छोटी कुपी. त्या मोठ्या प्रयोगशाळेतल्या मुलीकडून मॅडमनी एक औषध मागून आणलं होतं. बंद जनुकांवर पेशी जे रासायनिक कुलूप घालते ते या औषधाने सैल होतं. आमच्याकडे चमकणारे रंग नव्हते, तसला मायक्रोस्कोप नव्हता, पण चांदी होती. मोड आलेल्या मोहरीला हे औषध द्यायचं आणि मग नेहमीसारखी चांदी लावायची. भट्ट्या खरंच बंद असतील, पाडलेल्या नसतील, तर धूर निघेल. म्हणजे रेखाला वाइवात नुसतं चूक झाली म्हणून मान खाली घालून उभं राहावं लागणार नव्हतं. चूक कशी कळली तेही तिला स्वतःच्या स्लाइडवर दाखवता आलं असतं. एवढं सगळं मॅडमनी परिषदेच्या चहाच्या सुट्टीत ठरवलं होतं. कुपी फ्रिजमध्ये ठेवली, पण तिच्याबद्दल रेखाला निरोप धाडला नाही.

मी म्हटलं, "अहो, निरोप तरी पाठवा."

"तिला माहीत आहे थर्मासमध्ये काय आहे. या औषधाबद्दल तिने वाचलेलं आहे."

काही दिवस रेखा आली नाही. मग एका सकाळी आली. हातात तिचा स्वतःचा डबा, मोड आलेल्या मोहरीचा. तिने फ्रिज उघडला आणि कामाला लागली. मॅडम शेजारच्या टेबलावर पेपर तपासत बसल्या. दोघी दिवसचे दिवस अशा काम करायच्या. बोलणं फक्त "काँच देना" आणि "पानी बदला?" एवढं.

पहिल्या स्लाइड खराब गेल्या. औषध जास्त झालं, मुळं मेली. मग कमी केलं. शेवटी एका सकाळी रेखा मायक्रोस्कोपवरून उठेचना. मी तिथे फीवाढीविरुद्धच्या सह्या गोळा करायला गेले होते.

"क्या हुआ?" मी विचारलं.

"जल गईं," रेखा म्हणाली.

मलाही बघू दिलं. पिवळ्या काड्यांसारख्या गुणसूत्रांवर काळे ठिपके, आणि रेखा म्हणाली त्यातले दोन आजवर राईत तिने कधी बघितले नव्हते. मॅडमनी डोळा लावला. बराच वेळ बघितलं. पाठ थोपटली नाही की काही नाही. म्हणाल्या, "और बनाओ. एक स्लाइड से कुछ साबित नहीं होता." मात्र त्या दिवशी दुपारी त्यांनी स्वतःच्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी अर्धी रेखाच्या झाकणावर वाढली. रेखाने ती खाल्ली. समेट म्हणावा तर तेवढाच.

वाइवाला मी दाराशी उभी होते. परीक्षक सौम्य, म्हातारे गृहस्थ. रेखाने उभं राहून पहिलंच वाक्य म्हटलं, "सर, मेरे प्रबंध का अंतिम अध्याय गलत है." दुबे सरांनी छताकडे बघितलं. मग तिने स्लाइडची चित्रं दाखवली आणि सगळं नीट सांगितलं, न अडखळता. परीक्षकांनी विचारलं की मूळ गृहीतक कुठून घेतलं. रेखाने मॅडमकडे बघितलं. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "मेरे पेपर से, सर. गलती मेरी है, इसके यहाँ रहने चली गई थी."

परीक्षक खूश झाले. चहा घेतला, रेखाचं कौतुक केलं, नवीन काम प्रबंधापेक्षा चांगलं आहे असं म्हणाले. आणि मग म्हणाले की लिहिलेला प्रबंध या रूपात मान्य करता येणार नाही. शेवटचं प्रकरण नव्याने लिहून पुन्हा जमा करावं.

मुलाखतीची तारीख निघून गेली. जागा भरल्या. पुढच्या वर्षी रेखाला डिग्री मिळाली तेव्हा कायमची भरतीच बंद झाली होती. सरकारला आता मास्तर नको होते, तासावर बोलवायचे पाहुणे हवे होते. जितके तास तितके पैसे, सुट्टीत काही नाही. रेखाला आगरच्या कॉलेजात तसली जागा मिळाली. देवासचं स्थळ तिने स्वतःच मोडलं, त्याचं वेगळं रामायण झालं. खरं सांगून नुकसान कुणाचं झालं? जिने चूक केली नव्हती तिचं. दुबे सर विभागप्रमुख राहिले. खोली गेली, तिथे काचेच्या केबिनी आल्या. यात न्याय कुठे आहे ते मला कुणी दाखवून द्यावं.

रेखा डिग्री घेऊन आली, मॅडमच्या पाया पडली आणि चहाला न थांबता गेली. नंतर दोन वर्षं आली नाही. मॅडमनी त्या कामावर छोटा पेपर पाठवला, रेखाचं नाव पहिलं. त्याची प्रत तिला पोस्टाने गेली, उत्तर आलं नाही.

एकदा मी विचारलं, "तुम्हाला कधी पस्तावा होतो का?"

"तिच्या नोकरीचा होतो. सांगितल्याचा नाही होत."

"ती रागावलीय तुमच्यावर."

"रागवायलाच पाहिजे. मी तिच्या जागी असते तर मीही रागावले असते."

मग मॅडम रिटायर झाल्या, आजारी पडल्या, खूप वाळल्या. मी त्यांना शेवटचं बघितलं ते नानाखेड्याच्या बस स्टँडवर. मी बसभाड्याविरुद्ध पर्चे वाटत होते. आगरची बस लागली, लोक धावले, आणि त्या गर्दीत सगळ्यांच्या पुढे रेखा. तिने खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, दारातल्या दोघांना कोपराने बाजूला केलं आणि मागे वळून ओरडली, "मैडम, आराम से आना, सीट हो गई." मागून मॅडम काठी टेकत येत होत्या. रेखा त्यांना न्यायला पहाटेच्या बसने आगरहून आली होती. तिच्या वर्गातल्या पोरांना आज पहिल्यांदा चांदीची स्लाइड दाखवायची होती.

मॅडमना चढायला मी हात दिला. खिडकीशी जाऊन विचारलं, "मग, आज तिकडे काय शिकवणार?"

"मी कशाला? तास तिचा आहे."

रेखा वाकून मला म्हणाली, "मैडम पीछे की बेंच पर बैठेंगी. और बीच में टोकेंगी नहीं. मैंने बोल दिया है."

"और तूने गलत बताया तो?" मॅडमनी विचारलं.

"तो क्लास के बाद बता देना."

मॅडमनी यावर खरोखरच विचार केला. कंडक्टरने घंटी मारली. "नहीं," त्या म्हणाल्या. "उसी वक्त बताऊँगी."

रेखाने त्यांच्याकडे बघितलं. मग उठली, मॅडमना खिडकीशी सरकवलं, ऊन लागतं म्हणून काच अर्धी ओढली आणि त्यांची काठी आपल्या गुडघ्यांत धरून बसली.

"अच्छा, बताना," ती म्हणाली, आणि बस निघाली.